मुळं जातात वाफशाच्या मागे

मृगाचा पहिला चांगला पाऊस पडून उघडला, म्हणून लगेच कुणी तिफण जुंपत नाही. हलक्या रानात दोन दिवस, भारी काळ्या रानात चार-पाच दिवस वाट पाहिली जाते. मग कुणीतरी रानात उतरतं, वीतभर खालची माती मुठीत घेतं आणि दाबतं. मातीचा लाडू वळला, तळहाताला चिखल लागला नाही आणि तोच लाडू खाली टाकल्यावर फुटून मोकळा झाला, की वाफसा आला. मातीतल्या मोठ्या पोकळ्यांमधलं पाणी खाली उतरून तिथे हवा शिरलेली असते आणि बारीक पोकळ्यांमधलं पाणी मात्र तसंच धरून ठेवलेलं असतं. शेतीच्या पाठ्यपुस्तकात याच्या जवळ जाणारी संज्ञा आहे, पण ती माती किती पाणी धरते एवढंच मोजते; वाफसा म्हणताना आपण पाणी आणि हवा दोन्हींचा एकदम विचार करतो. गंमत अशी की हा विचार पेरणी झाली की संपतो. पीक उभं राहिलं की प्रश्न फक्त ‘पाणी कधी दिलं होतं’ एवढाच उरतो. खरं तर गहू, ज्वारी, मका यांची मुळं जमिनीत किती खोल आणि कशी पसरतील, हे ठरतं ते दिलेल्या पाण्याच्या लिटरांपेक्षा त्या पाण्यानंतर वाफसा किती खोलवर आला आणि किती दिवस टिकला यावर. मुळं पाण्याच्या मागे जातात असं आपण सहज म्हणतो. ती वाफशाच्या मागे जातात.

तृणधान्यांच्या मुळांची रचना पाहिली तर याचं कारण लक्षात येतं. तुरीसारखं एकच सोटमूळ इथे नसतं. गव्हाचा दाणा रुजला की दाण्यापासूनच तीन ते सहा मुळं निघतात, ती बीजमुळं. ती बारीक असतात, पण सरळ खालची वाट धरतात आणि पीक निघेपर्यंत जिवंत राहू शकतात. दुसरा संच येतो तीन आठवड्यांनी, आणि तो दाण्यापासून निघत नाही. पाच सेंटीमीटर खोल पेरलेल्या गव्हाचं एकवीस दिवसांचं रोप अलगद उकरून, माती धुऊन पाहावं. तळाशी सुरकुतलेला, रिकामा झालेला दाणा आणि त्याला लोंबणारी बीजमुळं दिसतात. दाण्याच्या वर एक बारीक, पांढरट देठ दिसतो आणि तो संपतो तिथे, जमिनीच्या पृष्ठभागापासून जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरवर, एक फुगीर गाठ असते. दाणा आणखी खोल पडला तरी गाठ तिथेच, वरच्या थरात धरते. मधला देठ तेवढा लांब होतो. फुटवे याच गाठीतून निघतात आणि दुसऱ्या संचातली मुळं, म्हणजे मुकुटमुळंही इथूनच. ती बीजमुळांपेक्षा जाड, शुभ्र असतात; आधी तिरकी बाजूला जातात आणि मग खाली वळतात.

गव्हाच्या पहिल्या पाण्याचं सगळं गणित या गाठीच्या जागेत आहे. रब्बीत जमीन वरून सुकत जाते, आणि मुकुटमुळं फुटायची असतात नेमकी त्या पहिल्या सुकणाऱ्या थरात. बीजमुळं खाली ओलीत असल्यामुळे रोप हिरवं दिसतं, कोमेजत नाही, बांधावरून पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. गाठ मात्र कोरड्या मातीत बसलेली असते. तिथून निघू पाहणारं मूळ दोन-चार मिलिमीटर पुढे येतं आणि बोथट होऊन थांबतं. ज्या फुटव्याला स्वतःची मुळं मिळाली नाहीत तो पुढे ओंबी धरत नाही, किंवा धरली तरी ती खुरटते. म्हणून पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांचं पाणी चुकवू नका, असं कृषी विद्यापीठं इतक्या आग्रहानं सांगतात. १९६० च्या दशकात मेक्सिकन बुटके गहू आले, तेव्हा या आग्रहाला अधिकच धार आली. जमिनीतून वर येणारा या वाणांचा कोंब आखूड असल्यामुळे जुन्या उंच वाणांसारखं खोल पेरणं त्यांना सोसत नव्हतं. दाणाही वर आला आणि सुरुवातीचा सगळा संसार वरच्या कोरड्या पडणाऱ्या थरात आला. एकवीस दिवसांचं हे पाणी तहान भागवण्यापुरतं नसतं. दुसरा मुळांचा संच फुटावा म्हणून त्या दोन-तीन सेंटीमीटरच्या थरात वाफसा आणण्याचा तो खटाटोप असतो.

आता एक जुनी समजूत तपासून पाहू. वर पाणी नसलं की मुळं पाण्याच्या शोधात खोल जातात, असं बहुतेकांना वाटतं. म्हणूनच ‘पिकाला ताण द्या, मुळं आपोआप खाली जातील’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पण मूळ काही विहीर खणणारा पाथरवट नव्हे. त्याच्या टोकाला पुढे सरकण्यासाठी पेशी फुगवाव्या लागतात आणि पेशी पाण्यानेच फुगतात. शिवाय चिकणमाती सुकली की दगडासारखी घट्ट होते. १९३१ साली कॅलिफोर्नियात हेन्ड्रिक्सन आणि वेहमेयर यांनी प्रयोग करून दाखवलं की माती कोमेजण्याच्या मर्यादेखाली सुकलेली असेल तर मुळं तीत शिरत नाहीत, ओल्या मातीच्या कडेशीच थांबतात. त्याआधी नेब्रास्का विद्यापीठाच्या जॉन वीव्हरने हीच गोष्ट शेतात उकरून पाहिली होती. पिकाच्या कडेने माणूसभर खोल चर खणायचा आणि चराच्या भिंतीतली माती टोकदार हत्याराने कणाकणाने काढत एकेक मूळ मोकळं करत कागदावर उतरवायचं, ही त्याची पद्धत. १९१९ आणि १९२६ सालची त्याची पुस्तकं अशा रेखाटनांनी भरली आहेत. नेब्रास्काच्या पूर्वेकडे, जिथे पाऊस जास्त आणि ओल खोलवर, तिथे हिवाळी गव्हाची मुळं खोल गेलेली आढळली. पश्चिमेच्या कमी पावसाच्या माळावर, जिथे ओल दोन-अडीच फुटांखाली उतरतच नव्हती, तिथे तोच गहू वरच्या थरातच पसरलेला होता. रान कोरडं म्हणून मुळं खोल गेली नव्हती. ओल जिथवर होती तिथवरच ती गेली होती.

तरी ताणाच्या सल्ल्यात तथ्य अजिबात नाही, असं नाही. खालच्या थरात आधीच ओल भरलेली असेल आणि वरचा थर हळूहळू सुकू दिला, तर पीक आपली साखर वरच्या पानांऐवजी खालच्या मुळांकडे वळवतं. मुळाच्या ज्या बाजूला ओल टेकते त्या बाजूला जास्त उपमुळं फुटतात, हेही आता नीट दिसून आलं आहे. पण यात ‘आधीच भरलेली’ ही अट महत्त्वाची, आणि सल्ला देताना तीच गाळली जाते. खाली कोरडा थर असताना ताण दिला तर मूळ वर उपाशी आणि खाली बंद, असं दुहेरी अडकतं. पेरणीआधी रान भरपूर भिजवून, वाफशावर पेरून मग पहिल्या पाण्याला थोडं थांबणं वेगळं, आणि वरच्या चार बोटांच्या ओलीवर पेरून पुढे ताण देणं वेगळं. दोन्हींना ‘ताण’ म्हणत असलो तरी जमिनीखाली घडतं ते अगदी उलट.

ओलिताखालच्या बहुतेक शेतात मात्र अडचण कोरडेपणाची नसते, उलटी असते. थोडं थोडं पाणी वरचेवर दिलं की ओल वीतभर खाली जाते आणि तिथेच राहते; मुळं त्या वीतभर थरात गर्दी करतात. उलट एका पाळीला रान तुडुंब भरलं तर दुसरीच गोष्ट घडते. मूळ श्वास घेतं, त्याला प्राणवायू लागतो, आणि प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट कमी वेगाने तो पाण्यातून पसरतो. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की उरलेला प्राणवायू मुळं आणि सूक्ष्मजीव मिळून दिवस-दोन दिवसांत संपवतात. मग वाढणारं टोक आधी मरतं. आपल्या भारी काळ्या जमिनीत हे अधिकच जाणवतं, कारण तिची माती पाणी पिऊन फुगते. पहिलं पाणी भेगांमधून झपाट्याने खाली जातं, पण एकदा भेगा मिटल्या की पुढचं पाणी तासाला काही मिलिमीटर या गतीने मुरतं. वाफसा यायला आठवडा लागतो आणि तोवर कधी पुढची पाळी येऊन ठेपते.

या श्वास कोंडण्याची खूण पानावर दिसते, आणि तिचा अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. पाणी दिल्यावर पाच-सहा दिवसांनी गव्हाची खालची पानं पिवळी पडतात. पिवळं म्हणजे नत्र कमी, म्हणून युरियाचं पोतं फोडलं जातं आणि युरिया विरघळायला म्हणून पुन्हा पाणी सोडलं जातं. नत्र कमी पडलेलं असतं हे खरं. पण ते ओढणारी मुळं गुदमरलेली असतात आणि हवा नसलेल्या मातीत नायट्रेटचा काही भाग वायू होऊन उडून जातो, काही खाली झिरपून जातो. ज्याला पाणी कमी हवं होतं त्याला आपण पाणी आणि खत दोन्ही जास्त देतो. आपल्या ओलिताच्या शेतीत एवढा महाग आणि इतक्या शांतपणे चाललेला दुसरा गैरसमज क्वचितच असेल.

इथे एक रोकडा आक्षेप येतो. कालवा आहे, विहीर आहे, वरून पाणी हवं तेव्हा मिळतं. मग मुळं खोल गेली काय आणि वीतभर राहिली काय? पाणी शोषण्याचं बहुतेक काम वरच्या थरातलीच मुळं करतात हेही खरं आहे. सिंचनाच्या पुस्तकांत एक ढोबळ हिशेब सांगतात: मुळांच्या एकूण खोलीचे चार समान थर केले तर पीक वरच्या थरातून ४० टक्के पाणी घेतं, त्याखालून ३०, मग २० आणि तळच्या थरातून फक्त १०. मग त्या दहा टक्क्यांसाठी इतका आटापिटा कशाला? आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यात वेळेचा विचार नाही. तळचं पाणी पीक शेवटी वापरतं, म्हणजे दाणा भरताना. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये जॉन कर्कगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हावर हे मोजलं आणि २००७ साली प्रसिद्ध केलं. फुलोऱ्यानंतर १.३५ ते १.८५ मीटर खोलीवरून गव्हाला जेमतेम १०.५ मिलिमीटर जास्तीचं पाणी मिळालं, आणि हेक्टरी ६२० किलो दाणा वाढला. म्हणजे एका मिलिमीटरला ५९ किलो. सगळ्या हंगामाचा हिशेब धरला तर मिलिमीटरला २० किलोच्या आसपास मिळाले तरी तिथले शेतकरी समाधानी असतात. हंगामाच्या सुरुवातीचं पाणी पानं वाढवतं, त्यातलं बरंच नुसतं उडून जातं. शेवटचं पाणी जवळजवळ सगळं दाण्यात उतरतं. आपल्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापतं, आवर्तन लांबतं, विहिरीचं पाणी खाली जातं, नेमका तेव्हाच गहू चिकात असतो. वीतभर मुळांच्या पिकाला त्या आठवड्यात दुसरा आधार नसतो.

शिवाय खोली नंतर उसनी आणता येत नाही. थंड, मोकळ्या मातीत गव्हाची मुळं दिवसाला साधारण सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर खाली सरकतात आणि फुलोरा आला की जवळजवळ थांबतात, कारण मग साखर दाण्याकडे जाऊ लागते. आपला गहू साठ-पासष्ट दिवसांत फुलोऱ्यावर येतो. म्हणजे हिशेब ढोबळ धरला तरी साठ, फार तर ऐंशी सेंटीमीटर खोलीची संधी आहे आणि त्यातला प्रत्येक चिखलाचा दिवस एकेक सेंटीमीटर खाऊन टाकतो. तीन पाळ्यांना चार-चार दिवस रान चिबडलेलं राहिलं तर अर्ध्या फुटाच्या जवळपास खोली गेली.

मुळं एका ठिकाणी दाटली म्हणजे तिथे सगळं पाणी मिळतं, असंही नाही. १९३७ साली अमेरिकेत हॉवर्ड डिटमर यांनी राय या गव्हाच्या कुळातल्या धान्याचं एकच रोप फूटभर रुंद, पावणेदोन फूट खोल पेटीत चार महिने वाढवलं आणि माती धुऊन मुळं मोजली. एकंदर लांबी भरली सुमारे ६२० किलोमीटर, आणि मुळांवरच्या केसांची संख्या सुमारे १,४०० कोटी. इतका पसारा का लागतो? कारण न भरलेल्या मातीत पाणी फार हळू सरकतं; केस ज्या काही मिलिमीटरवर पोहोचतो तेवढंच पाणी त्याच्या हाती लागतं. पाणी चालून मुळाकडे येत नाही, मुळाला पाण्याकडे जावं लागतं. म्हणून वरच्या थरात मुळांची दाटी आणि खाली मोकळी माती, यात दाटीचा फायदा थोडाच. एकाच ताटात दहा जण जेवायला बसल्यासारखं ते होतं.

भाताचं उदाहरण देऊन कुणी म्हणेल, कोकणात खाचरात पाणी उभं असतं, तिथे कुठे वाफसा असतो? बरोबर आहे, आणि त्यासाठी भाताने वेगळी सोय केली आहे. त्याच्या मुळांत हवेच्या नळ्या असतात आणि पानांतून आत आलेला प्राणवायू त्यांतून थेट टोकापर्यंत जातो. म्हणून चिखलणी केलेल्या खाचरात तो तग धरतो. पण किंमत मोजावी लागतेच: त्याची बहुतेक मुळं वरच्या वीतभरातच राहतात आणि ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा दिवस दडी मारली की आधी तोच पिवळा पडतो. जपानच्या युसाकू उगा यांच्या गटाने २०१३ साली किनांदांग पातोंग या फिलिपिन्सच्या डोंगरी भाताचा एक जनुक आयआर ६४ या लोकप्रिय वाणात आणला. त्याने मुळांचा कल तिरक्याऐवजी खाली झाला आणि पाण्याच्या ताणात तो भात मूळ वाणापेक्षा चांगला पिकला. गव्हाला, ज्वारीला तर नळ्यांची भाताइतकी सोय नाही. त्यांना हवा मातीतूनच मिळाली पाहिजे.

खोल मुळांचा खरा वस्तुपाठ पाहायचा तर ओलिताच्या शेतात नव्हे, सोलापूरकडच्या कोरडवाहू रब्बी ज्वारीत पाहावा. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण आजही त्या भागातला माणूस नावाने ओळखतो. तो पेरला जातो परतीच्या पावसानंतर, जेव्हा मीटरभर खोल काळी माती आतून पूर्ण भरलेली असते आणि पुढे बहुतेक थेंबही मिळणार नसतो. म्हणजे कर्कगार्ड यांनी मोजलेली परिस्थिती इथे दरवर्षी आपसूक असते: खाली ओल, वर सुकत जाणारी माती, मधे रोज खाली उतरणारं मूळ. मांजरी आणि सोलापूर इथल्या कोरडवाहू प्रयोगांत एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधबंदिस्ती, खोल मुरवण आणि वेळेवरची कोळपणी यांवर भर दिला तो याचसाठी. काळी माती सुकताना फाटते, भेगा मुळं तोडतात आणि ओल उडवतात. कोळप्याने वरची माती भुसभुशीत करून भेगा बुजवल्या की दोन्ही वाचतं. याच ज्वारीला पोटरीत असताना एखादं संरक्षित पाणी मिळालं तर उत्पन्न चांगलं वाढतं. पण तेच पाणी सुरुवातीपासून वरचेवर देत गेलं, तर मालदांडीच्या मुळांची ती खोलीही जाते.

यावर शेतकऱ्याचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. वाफसा पाहून पाणी द्यायला पाणी आपल्या हाती असायला हवं. वीज येते रात्री, तीही मोजके तास. दारं धरायला माणूस अंधारात उभा असतो, तेव्हा तो माती मुठीत दाबून पाहणार की उद्या वीज नसेल म्हणून सारा भरून टाकणार? कालव्याचं आवर्तन तर त्याच्या पिकाला विचारून येतच नाही. वर्षानुवर्षं पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर हेक्टरी आकारली गेली. किती पाणी घेतलं याचा हिशेब नव्हता, तेव्हा कमी घेण्याचं कारणही नव्हतं. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याची वाट निघाली खरी, पण पाणी मोजून मिळालं तरी वेळ ठरवण्याचा हक्क मिळतोच असं नाही. माझ्या मते खोल मुळांचा निम्मा प्रश्न शेतात नाही, पाटबंधारे आणि वीज यांच्या वेळापत्रकात आहे. हे नवंही नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आतच, १९१० साली, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. तम्हाणे यांना नीरेच्या खोऱ्यातल्या खारावलेल्या जमिनींवर पुस्तिका काढावी लागली. पाणी दिलं गेलं, ते निघून जाण्याची वाट मात्र दिली गेली नाही. भूजल वर आलं, जमिनी चिबडल्या, मग चोपण झाल्या. भूजल दोन फुटांवर आलेल्या रानात मूळ दोन फुटांखाली जाणार कसं?

पण उरलेला निम्मा प्रश्न कुदळीने सोडवता येतो, आणि एकाच साऱ्यात. गव्हाला चाळीस दिवस झाले की साऱ्याच्या दोन टोकांना, एक दाऱ्याजवळ आणि एक शेपटाला, हातभर खोल खड्डा घ्यावा. लांब साऱ्यात दाऱ्याजवळची माती प्रत्येक पाळीला तासन्‌तास पाण्याखाली असते आणि शेपटाला पाणी कसंबसं पोहोचतं. दाऱ्याजवळच्या खड्ड्यात वीतभरावर माती निळसर करडी, किंचित कुजका वास येणारी दिसेल आणि मुळं तिथे येऊन तपकिरी झालेली. शेपटाच्या खड्ड्यात मुळं पांढरी असतील, पण वीत-दीड वीत खाली माती कडक आणि कोरडी लागेल आणि मुळं तिथे संपतील. मधल्या कुठल्यातरी भागात, जिथे पाणी पोहोचलं आणि निघूनही गेलं, तिथे कुदळ खाली जाते तिथवर पांढरे दोरे सापडत राहतात. शेत तेच, वाण तोच, पेरणीची तारीख तीच. सारा आखूड करायचा, उतार सुधारायचा की पाण्याची धार बदलायची, हे मग तो मधला पट्टा किती वाव लांब आहे ते मोजून ठरवायचं.